अमेरिकेतील किशोरवयीनांचे निवासी उपचार कार्यक्रम : सुधारणा मोजली कोणी आणि कशाच्या तुलनेत?

आकडेमोड

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हा विषय चारचौघांत निघत नाही. मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचे काम करत असल्यामुळे तो खासगीत माझ्यापर्यंत येतो, आणि अलीकडे जरा जास्तच येऊ लागला आहे. पंधरा-सोळा वर्षांचे मूल शाळेत जाईनासे होते, गांजा ओढू लागते, स्वतःला इजा करून घेते, घरात रोज रणकंदन होते. मग कोणीतरी एका ‘एज्युकेशनल कन्सल्टंट’चा क्रमांक देतो आणि तो युटा, आयडाहो किंवा मोंटानातील एखादा कार्यक्रम सुचवतो. आधी काही आठवडे रानावनात, ज्याला वाइल्डरनेस थेरपी म्हणतात, आणि पुढे अनेक महिने निवासी केंद्रात किंवा ‘थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूल’मध्ये. खर्च महिन्याला हजारो डॉलरचा असतो आणि माहितीपत्रकावर ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापलेले असते. या धाग्यात मला त्या ‘सिद्ध’ या शब्दामागे काय आहे एवढेच तपासायचे आहे. छळाच्या कहाण्या सर्वांनी वाचल्या आहेत. कार्यक्रम अगदी सद्हेतूने चालवला जातो असे गृहीत धरले तरी तो उपयोगी पडतो हे कशावरून म्हणायचे, हा माझा प्रश्न आहे.

सर्वाधिक मिरवला गेलेला अभ्यास २००६ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनात मांडला गेला. नऊ खासगी कार्यक्रमांतील सुमारे एक हजार मुले आणि त्यांचे पालक यांच्याकडून दाखल होताना व बाहेर पडताना प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या आणि गुणांमध्ये मोठी सुधारणा दिसली. या अभ्यासाचा खर्च अ‍ॅस्पेन एज्युकेशन ग्रुपने केला होता आणि तपासलेले कार्यक्रमही त्याच कंपनीचे होते. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. औषधकंपन्याही स्वतःच्या औषधांच्या चाचण्यांना पैसे देतात. खरी उणीव ही की तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तशाच अवस्थेतील, पण घरी राहिलेल्या मुलांचे त्याच काळात काय झाले, हे या आकड्यांतून कळूच शकत नाही.

ही उणीव किरकोळ नाही. मूल दाखल होते ते घरातील परिस्थिती सर्वांत वाईट असते तेव्हा, आणि सर्वांत वाईट क्षणानंतर मोजलेले बहुतेक काहीही थोडे बरेच दिसते. ताप ऐन चढलेला असताना जो काढा पाजावा, त्यालाच ताप उतरल्याचे श्रेय मिळते. त्यातच पौगंडावस्थेतील बरेचसे बेशिस्त वर्तन वयाबरोबर ओसरते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली ‘किशोरवयापुरते मर्यादित’ आणि ‘आयुष्यभर टिकणारे’ असे समाजविघातक वर्तनाचे दोन प्रवाह मांडले, आणि त्यांतील पहिला प्रवाह कितीतरी मोठा आहे. सतराव्या वर्षी दाखल झालेले मूल एकोणिसाव्या वर्षी शांत झाले, तर श्रेय केंद्राचे, आईवडिलांचे की दोन वर्षांच्या वयाचे, हे तुलनागटाशिवाय ठरवता येत नाही.

यावर सांख्यिकीचे जाणकार आणि प्रत्यक्ष अनुभव असलेले अशा दोघांनीही लिहावे.

ओहायोकर

उत्तम विषय. आमच्याकडे माझ्या बहिणीच्या मुलीसाठी सध्या हीच चर्चा चालू आहे, म्हणून थेट विचारतो. संकटात असलेल्या मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करणे, म्हणजे निम्म्यांना केंद्रात पाठवणे आणि निम्म्यांना मुद्दाम घरी ठेवणे, नैतिकदृष्ट्या शक्य आहे का? तसे शक्यच नसेल, तर या कार्यक्रमांकडे यादृच्छिक चाचण्या नाहीत अशी तक्रार करणे अन्यायाचे नाही का?

आकडेमोड

शक्य आहे आणि झालेले आहे. ओरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि जॉन रीड यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, वारंवार गुन्हे केलेल्या व न्यायालयाने घराबाहेर ठेवण्याचा आदेश दिलेल्या ७९ मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. काही मुले नेहमीप्रमाणे समूहनिवासात गेली आणि बाकीची खास प्रशिक्षण दिलेल्या पालक-कुटुंबांत एकेकटी राहिली. वर्षभरानंतर कुटुंबांत राहिलेल्या मुलांवर नव्या गुन्ह्यांची नोंद कमी होती आणि पळून जाण्याचे प्रमाणही कमी होते. दोन्ही गटांना घराबाहेरच ठेवायचे होते, त्यामुळे कोणालाही उपचारांपासून वंचित ठेवलेले नव्हते. फरक इतकाच की एका गटातील मुलाभोवती त्याच्यासारखीच दहा-बारा मुले होती आणि दुसऱ्या गटातील मुलाभोवती मोठी माणसे होती.

याहून जुना आणि मला अधिक अस्वस्थ करणारा प्रयोग मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासाचा. रिचर्ड कॅबट यांनी आखलेला हा प्रकल्प १९३९ ते १९४५ या काळात चालला. सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतील कोणाला मदत मिळणार हे नाणे उडवून ठरवायचे, अशी त्याची रचना होती. मदत म्हणजे समुपदेशकाच्या नियमित भेटी, शिकवणी, वैद्यकीय साहाय्य आणि उन्हाळी शिबिरे. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या माणसांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्या गटाची अवस्था बरी असल्याचे एकाही मोजमापात दिसले नाही. उलट एकाहून अधिक गुन्हे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार आणि अकाली मृत्यू यांत तोच गट पुढे होता. तरीही त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांनी या कार्यक्रमाचा आपल्याला फायदाच झाला असे सांगितले होते.

हे शेवटचे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकावरील ‘माझे आयुष्य वाचले’ या अभिप्रायांशेजारी ठेवून वाचावे. सांगणारे खोटे बोलत नव्हते. आपण त्या कार्यक्रमात नसतो तर काय झाले असते, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. नाणे उलट पडलेल्या जोडीदाराकडे पाहून ते संशोधकांना कळले. अर्थात हा प्रकल्प निवासी नव्हता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष आजच्या केंद्रांना जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र पुढे थॉमस डिशियन, मॅकॉर्ड आणि फ्रांस्वा पुलँ यांनी १९९९ साली दाखवले की अपाय मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटला होता, म्हणजे जिथे मुले मुलांसोबत राहिली तिथे.

रानजाई

मी या चर्चेत काहीशी नाइलाजाने उतरते आहे. आमचा मुलगा सोळाव्या वर्षी अशा एका केंद्रात अकरा महिने होता. केंद्राचे आणि राज्याचे नाव लिहीत नाही.

आकडेमोड, तुमचे तर्कशास्त्र मला समजते आणि ते खोडण्याची माझी पात्रता नाही. पण ज्या परिस्थितीत आम्ही निर्णय घेतला, तीत निवडीला पर्याय फारसे नव्हते हेही कोणीतरी लिहायला हवे. किशोरवयीनांसाठीच्या मानसोपचारतज्ज्ञांची प्रतीक्षायादी काही महिन्यांची होती. रुग्णालयाने त्याला दोनदा दाखल करून घेतले आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत घरी पाठवले, कारण विमाकंपनी तेवढेच दिवस मान्य करत होती. घरी आणखी एक लहान मूल होते. मल्टिसिस्टेमिक थेरपीबद्दल, म्हणजे मूल घरीच ठेवून सगळ्या कुटुंबाबरोबर काम करणाऱ्या उपचारांबद्दल, मी वाचले होते, पण आमच्या भागात ती बालन्यायालयामार्फतच मिळत होती. म्हणजे मुलाला अटक झाली असती तर ती आम्हाला मिळाली असती. त्या वेळी त्याच्या खोलीचे दार रात्री उघडे ठेवून कोणी ना कोणी जागे राहत असे. अशा घरात तुलनागटाचा विचार कोण करणार?

तो परत आला तेव्हा जिवंत होता. माझ्या लेखी तो परिणाम आहे, मग त्याला पुरावा म्हणता येत नसेल तरी चालेल.

निरभ्र

रानजाई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. मी बालमनोविकारतज्ज्ञ आहे. काही वर्षे अमेरिकेत काम केले, आता पुण्यात असतो. तुमच्या प्रतिसादातील दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात असे मला वाटते.

मुलाच्या जिवाला तातडीचा धोका असताना काही दिवसांसाठी रुग्णालयात ठेवणे आणि अनेक महिन्यांसाठी दूरच्या केंद्रात ठेवणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची गरज दाखवून दुसरीची विक्री केली जाते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख अधिकाऱ्याच्या, १९९९ च्या मानसिक आरोग्यविषयक अहवालाने निवासी केंद्रांचा पुरावा कमकुवत असल्याचे स्पष्ट म्हटले होते. उपचार घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे आठ टक्केच या केंद्रांत असतात, तरी मुलांच्या मानसिक आरोग्यावरील खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा तिथे जातो, अशी नोंदही त्यात आहे. तुम्हाला जवळपास कोणी तज्ज्ञ मिळाला नाही आणि हा पैसा तिकडे गेला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

आत्मघाताचा धोका असलेल्या किशोरवयीनांसाठी सध्या सर्वांत भक्कम पुरावा डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा, म्हणजे तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या डीबीटीचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकॉली आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत १७३ मुलामुलींची यादृच्छिक विभागणी झाली होती आणि सहा महिन्यांच्या उपचारांनंतर डीबीटी घेणाऱ्या गटात आत्महत्येचे प्रयत्न व स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी होते. वर्ष संपेपर्यंत दोन गटांतील अंतर कमी झाले, हेही सांगायला हवे. हे उपचार मूल घरी राहून घेते आणि पालक त्यात सहभागी असतात.

मल्टिसिस्टेमिक थेरपीबद्दल मात्र मी सावध आहे. मिसूरीतील १९९५ च्या सुप्रसिद्ध चाचणीचे आकडे डोळे दिपवणारे होते. पुढे ज्युलिया लिटेल यांच्या आढाव्याने त्यांवर शंका घेतली, आणि इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर झालेल्या चाचणीत (२०१८) ती तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. मला हा पराभव वाटत नाही. या उपचारपद्धतीने स्वतःला हरण्याची संधी असलेल्या परीक्षेला बसू दिले. खासगी निवासी कार्यक्रम त्या परीक्षेला बसलेलेच नाहीत.

पथिक

चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून काही मुद्दे मांडतो. वाइल्डरनेस थेरपीवर आता तुलनागट असलेले संशोधनही आहे. २०१८ साली स्टीव्हन डीमिल आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांत गेलेल्या मुलांची तुलना, ज्यांच्या पालकांनी चौकशी केली पण मुलांना घरीच ठेवून स्थानिक उपचार दिले, अशा मुलांशी केली. पालकांच्या सांगण्यानुसार पहिल्या गटाची प्रगती अधिक होती. त्याआधी २०१६ मध्ये जोआना बेटमन आणि सहकाऱ्यांचे ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते आणि त्यात मध्यम स्वरूपाचा परिणाम आढळला. शिवाय समवयस्कांच्या संगतीने मुले बिघडतात, या डिशियन यांच्या मांडणीला बाहर वाइस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आकडेवारीनिशी आव्हान दिले होते. समूह-उपचारांनी सर्रास अपाय होतो असे त्यांना आढळले नाही. हे सगळे वगळून ‘पुरावा नाही’ म्हणणे योग्य नव्हे.

आकडेमोड

तिन्ही संदर्भ रास्त आहेत आणि तिसरा तर मला मान्यच आहे. संगतीचा अपाय प्रत्येक गटात होतोच असे नाही. देखरेख किती आहे, मुलांचे वय काय, मोकळा वेळ किती, यांवर तो अवलंबून दिसतो.

एकत्रित विश्लेषणाबद्दल माझा आक्षेप असा की त्यातील अभ्यास मुख्यतः ‘आधी आणि नंतर’ स्वरूपाचे आहेत. ३६ अभ्यासांत एकच उणीव असेल, तर त्यांची सरासरी काढल्याने ती उणीव जात नाही. उलट आकडा अधिक नेमका दिसू लागतो आणि विश्वास वाढतो. डीमिल यांचा अभ्यास त्यांहून निश्चितच पुढचा आहे, पण गट चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, तर पालकांच्या निर्णयाने. ज्या कुटुंबाकडे भरपूर पैसे आहेत आणि ज्याने ते खर्च करण्याचे धाडस केले, त्याची परिस्थिती अनेक अंगांनी वेगळी असते. मोजमापही पालकांच्याच प्रश्नावलीवर आहे. एवढा खर्च आणि एवढा विरह सोसल्यावर ‘काहीच फरक पडला नाही’ या चौकटीवर खूण करणे किती जणांना जमेल?

मुलांच्या स्वतःच्या उत्तरांची गत याहून अवघड आहे. बऱ्याच केंद्रांत पायऱ्यांची पद्धत असते. वरच्या पायरीवर गेल्यावर घरी फोन करण्याची मुभा, भेटीची परवानगी आणि अखेरीस सुटका. आपण सुधारलो आहोत असे सांगितल्याशिवाय जिथून बाहेर पडता येत नाही, तिथे ‘तुम्ही सुधारलात का’ या प्रश्नाचे उत्तर मोजमाप म्हणून वापरणे मला पटत नाही.

जुनाजाणता

या पायऱ्यांची आणि सामूहिक कबुलीची वंशावळ माहीत असणे उपयोगाचे आहे. चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ साली कॅलिफोर्नियात सिनानॉन ही संस्था हेरॉइनच्या व्यसनींसाठी काढली. वर्तुळात बसून एकाला सर्वांनी मिळून तासन्‌तास फैलावर घ्यायचे, याला तिथे ‘गेम’ म्हणत. त्या प्रभावातून १९६७ मध्ये मेल वासरमन यांची सीडू ही शाळा निघाली आणि तिथे तयार झालेल्या लोकांनी पुढे इतर अनेक शाळा काढल्या. फ्लोरिडात १९७० साली ‘द सीड’ सुरू झाली. १९७४ च्या सिनेट उपसमितीच्या अहवालाने तिच्या पद्धतींची तुलना उत्तर कोरियाने युद्धकैद्यांवर वापरलेल्या तंत्रांशी केली. तरीही दोनच वर्षांत तिच्याच नमुन्यावर ‘स्ट्रेट’ उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन तिला भेट देऊन गेल्या, १९८५ मध्ये राजकन्या डायनाही त्यांच्यासोबत गेल्या. मधल्या काळात, १९८३ साली, बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल एका महाविद्यालयीन तरुणाला ज्यूरीने दोन लाख वीस हजार डॉलरची भरपाई मंजूर केली होती. संस्था १९९३ पर्यंत चालली.

माझा मुद्दा असा की या पद्धती एखाद्या संशोधनातून निघून केंद्रांत आलेल्या नाहीत. त्या आधी केंद्रांत रूढ झाल्या आणि संशोधन त्यांच्या समर्थनासाठी नंतर गोळा केले गेले.

ओहायोकर

घरच्या चर्चेत आणखी एक सूचना आली आहे, ती इथे मांडतो. आजी म्हणते, इतके डॉलर घालवण्यापेक्षा मुलीला भारतात आणा, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये किंवा एखाद्या चांगल्या पुनर्वसन केंद्रात ठेवा, सहा महिन्यांत वठणीवर येईल.

निरभ्र

आजींच्या मायेबद्दल शंका नाही, पण आकडेमोड यांचा प्रश्न त्या सूचनेलाही तसाच लागू होतो. निवासी शाळा ही उपचाराची जागा नाही आणि स्वतःला इजा करणाऱ्या मुलीला सांभाळण्याची तयारी तिथे असेलच असे नाही. पुनर्वसन केंद्राबाबत एक कायदेशीर गोष्ट ध्यानात ठेवावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीनास मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करायचे, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी केलेली असावी लागते, प्रौढांपासून वेगळी व्यवस्था लागते, आणि मुक्काम तीस दिवसांपर्यंत लांबला तर पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. ‘फक्त पालकांची सही पुरेशी आहे’ असे सांगणाऱ्या केंद्रातून सरळ बाहेर पडावे.

तुलनेने पाहता युटामध्ये २०२१ पर्यंत नियम बरेच सैल होते. प्रसिद्ध तारका पॅरिस हिल्टन यांनी तिथल्या प्रोव्हो कॅन्यन स्कूल या निवासी केंद्रातील स्वतःचे अनुभव जाहीर केल्यानंतर तिथे कायदा झाला. त्याने वर्षातून चार तपासण्या आणि कुटुंबाशी आठवड्यातून एकदा खासगी संभाषण बंधनकारक केले.

आकडेमोड

पुराव्याच्या प्रश्नाला एक सरकारी बाजूही आहे. अमेरिकी संसदेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००७ साली या कार्यक्रमांची चौकशी केली, दहा मृत्यूंचा तपशीलवार अभ्यास केला आणि देशपातळीवर तक्रारींची एकत्र नोंद ठेवणारी एकही यंत्रणा सापडत नसल्याचे कळवले. ३३ राज्यांनी २००५ या एका वर्षात दिलेल्या माहितीत निवासी कार्यक्रमांतील १,६१९ कर्मचारी गैरवर्तनाच्या घटनांत गुंतलेले होते. उरलेल्या राज्यांचे काय, ते त्या आकड्यात नाही. फायदा कोणी तटस्थपणे मोजत नाही आणि अपाय कोणी एकत्र मोजत नाही, अशा स्थितीत ‘फायदे अपायांपेक्षा जास्त’ हे विधान कोणत्या आधारावर करतात ते मला समजत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने नॅशनल अकॅडमीज या सरकारला वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या संस्थेकडून अभ्यासाची तरतूद केली आहे. त्यात बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाचा पुढील काही वर्षांचा माग ठेवला गेला, तरच त्याचा उपयोग होईल.

रानजाई, एक विचारू का? तुम्हाला केंद्राकडून प्रश्नावल्या आल्या होत्या का, आणि कधीपर्यंत?

रानजाई

आल्या होत्या. दाखल करताना एक आणि त्याला घरी आणले त्या आठवड्यात एक. दुसरी मी अगदी भरभरून लिहिली. त्या आठवड्यात तो टेबल पुसत होता, धाकट्याला शाळेत सोडायला जात होता. साडेतीन महिन्यांनी पुन्हा सगळे सुरू झाले आणि शेवटी तो सावरला तो आमच्याच शहरातील एका समुपदेशिकेकडे, दीड वर्ष जाऊन. त्या काळात केंद्राकडून कोणीही काही विचारले नाही. मुलगा आता वीस वर्षांचा आहे. त्याच्या मते तिथले एक सुतारकाम शिकवणारे गृहस्थ सोडले, तर बाकी सगळे वरच्या पायरीवर जाण्यासाठी काय बोलायचे ते शिकण्यात गेले. माझे मत त्याच्याइतके कठोर नाही. त्या अकरा महिन्यांत आम्ही रात्री झोपलो, हे मी नाकारणार नाही. पण झोप आम्हाला मिळाली आणि उपचार त्याच्या नावावर लिहिले गेले, हे मात्र खरे.

आकडेमोड

म्हणजे त्यांच्या नोंदीत तुमचा मुलगा यशस्वी म्हणून मोजला गेलेला असणार.

ओहायोकर

सर्वांचे आभार. या आठवड्यात आम्ही सुचवलेल्या कार्यक्रमाला फोन करून चार गोष्टी विचारल्या. बाहेर पडल्यानंतर वर्षभराने किती कुटुंबांनी उत्तरे दिली, असे विचारल्यावर ‘प्रतिसाद फार चांगला असतो’ एवढेच सांगण्यात आले. मधूनच काढून नेलेली किंवा पळून गेलेली मुले त्या यशाच्या आकड्यात धरतात का, याला उत्तर मिळाले नाही. मुलीशी कोणी ऐकत नसताना बोलता येईल का, यावर ‘पहिली पायरी पार केल्यानंतर’ असे सांगितले. राज्याच्या परवाना विभागाचे तपासणी अहवाल आम्हीच मागवा, असे उत्तर आले. ते आम्ही मागवले आहेत. कन्सल्टंटला विचारले की या केंद्राने तुमचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च कधी केला आहे का, तर तो जरा नाराज झाला.

बहिणीने सध्या अर्ज थांबवला आहे. तासाभराच्या अंतरावर किशोरवयीनांसाठी डीबीटीचा गट आहे आणि तिथे पाच आठवड्यांनी जागा होणार आहे. तोपर्यंतच्या पाच आठवड्यांचे काय करायचे, घरातील औषधे व धारदार वस्तू कशा ठेवायच्या आणि रात्री कोणी थांबायचे, याबद्दल निरभ्र यांनी लिहिले तर फार उपकार होतील. भाची शाळेत जात नाही, पण माझ्याशी फोनवर बोलते.

निरभ्र

आज संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर घरातील सर्व गोळ्या, अगदी तापाच्या आणि आजीच्या रक्तदाबाच्यासुद्धा, कुलपात ठेवा आणि किल्ली बहिणीकडे असू द्या. ९८८ हा अमेरिकेतील आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांक मुलीच्या व सर्वांच्या फोनमध्ये घालून ठेवा. तुम्ही तिच्याशी बोलत राहा. त्या बोलण्यात शाळेचा विषय काही दिवस काढू नका.